कांचन आणि आर्यभट

4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाचा स्पुतनिक पृथ्वीभोवती फिरू लागला आणि पुढील पंधरा वर्षांत माणसाच्या नित्य वापरातील वस्तूंचे आकारच पालटले. दिवे, खुर्च्या, रेडिओ यांना अवकाशयानाची रूपे आली. मनगटावरील घड्याळही त्यातून सुटले नाही. घड्याळ म्हणजे एक साधी गोल डबी, ही समजूत मागे पडली. त्या डबीला कोन फुटले, पट्टा अडकविण्याची शिंगे तिच्या पोटात दडली आणि तबकडीचा पांढरा रंग जाऊन तेथे गडद निळा किंवा हिरवा आला. ही लाट भारतातील मध्यमवर्गीयांच्या मनगटापर्यंत पोहोचली ती मुख्यतः बंगळूरच्या वाटेने.

बंगळूरच्या जालहळ्ळी भागातील हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याची स्थापना 1953 सालची. यंत्रे घडविणारी यंत्रे तयार करावी, हे त्याचे मूळ कार्य. अशा कारखान्याने केसाएवढ्या कमानीच्या नाजूक कामास हात घालावा याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल. परंतु 1961 साली, युरी गागारिन अंतराळात जाऊन आला त्याच वर्षी, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने येथे घड्याळांचा विभाग उभा राहिला. पहिली घड्याळे पंडित नेहरू यांच्या हस्ते लोकांपुढे आली. तोपर्यंत चांगले घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ. ते ऐपतदाराने विकत घ्यावे किंवा चोरट्या मार्गाने मिळवावे. सतरा खड्यांच्या 'जनता'ने ही स्थिती बदलली. रोज किल्ली द्यावी, सेकंदास पाच वेळा टिकटिक ऐकावी, एवढाच तिचा थाट. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या हातावर वडिलांनी बांधावयाचे घड्याळ ते हेच.

'कांचन'ची गोष्ट निराळी. जनता गरजेची होती, कांचन हौसेची. रुंद, कोनदार पेटी, वार आणि तारीख दाखविणाऱ्या खिडक्या, आणि हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणारी रचना. पेटीच्या आत एक अर्धवर्तुळाकार वजन फिरते आणि त्याच्या फिरण्याने कमान आवळली जाते. विजेचा त्यात लेशही नाही. वार हिंदीत दिसावा की इंग्रजीत, हे ज्याने त्याने ठरवावे! मागणी इतकी की पुरवठा अपुरा पडे, आणि जावयाला कांचन देण्यासाठी वधुपित्याला ओळखीपाळखी शोधाव्या लागत. भविष्यकाळाचे रूप घेऊन आलेली ही वस्तू अखेर हुंड्याच्या यादीत जाऊन बसली, हा आपल्या समाजाचा गुण म्हणावयाचा की दोष, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याच सुमारास जालहळ्ळीच्या शेजारी, पीण्या औद्योगिक वसाहतीतील साध्या पत्र्याच्या शेडमध्ये, उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण 360 किलो वजनाचा एक गोळा जुळवीत होते. तो गोळा तरी कसला? सव्वीस पैलूंचा! 'आर्यभट' हा भारताचा पहिला उपग्रह रशियन अग्निबाणाने 19 एप्रिल 1975 रोजी अवकाशात गेला. एका परिसरात अवकाशयुगाची नक्कल मनगटावर चढत होती आणि त्याच परिसरात अस्सल अवकाशयान आकार घेत होते.

घड्याळाच्या कारखान्याला मात्र हा भविष्यकाळ ओळखता आला नाही. सेकंदास 8192 वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक 1969 सालच्या अखेरीस जपानी घड्याळात आला होता. बंगळूरनेही पुढे क्वार्ट्झ घड्याळे काढली, पण त्यांच्यावर मन बसविले नाही. तेच मन टायटनने बसविले. 1987 सालापासून तिची घड्याळे दुकानांत दिसू लागली आणि कारखाना शेजारच्या होसूरला होता. सरकारी कारखाना आकाराने अवकाशयुगाचा राहिला, काळजाने किल्लीचा. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी कंपनीची बंगळूर व तुमकूर येथील सुमारे 208 एकर जमीन अवकाश विभागाकडे देण्याचा निर्णय झाला.

जुन्या कांचन अद्याप हौशी लोकांच्या संग्रहात आहेत. मुंबईतील काही कारागीर विटलेल्या तबकड्या पुन्हा रंगवून देतात. रंग नेहमीच मूळचा असतो असे नाही, आणि जाणकार घड्याळजी तो पाहताच ओळखतो.