दुःखविचार, ख्रिस्ती

मानवी दुःखाचे मूळ, त्याचे प्रयोजन आणि त्याला सामोरे जाण्याची रीत यांविषयीचा ख्रिस्ती धर्मातील विचार. येशू ख्रिस्ताचे क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान हा त्याचा गाभा होय. परमेश्वर प्रेमळ व सर्वसमर्थ असताना निरपराधांच्या वाट्याला यातना का येतात, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने वेगवेगळी उत्तरे दिली. दुःखिताला परमेश्वर एकटे सोडत नाही, ही श्रद्धा मात्र तिने कायम जपली.

बायबलमधील आधार : दुःख म्हणजे पापाची शिक्षा, असे मानणारे उतारे जुन्या करारात आहेत; मात्र या समजाला हादरा देणारा ईयोबाचा ग्रंथही त्यातच आहे. नीतिमान ईयोब मुलेबाळे, संपत्ती व आरोग्य गमावतो. हे त्याच्या पापाचेच फळ आहे, असे मित्र त्याला बजावतात. तो ते नाकारून थेट परमेश्वराकडे दाद मागतो. अखेरीस परमेश्वर त्या मित्रांनाच दोष देतो. स्तोत्रसंहितेतही गाऱ्हाण्यांची अनेक स्तोत्रे असून तेथे आक्रोशालाच प्रार्थनेचे स्थान मिळाले आहे. यशयाच्या ५३ व्या अध्यायात इतरांसाठी यातना सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन आहे. ख्रिस्ती वाचक त्यात येशूला पाहतात.

जन्मांध माणसाचे अंधत्व त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापामुळे आलेले नाही, असे येशू शिष्यांना सांगतो (योहान ९). तो रोग्यांना बरे करतो, लाजराच्या मृत्यूने रडतो आणि गेथशेमाने बागेत स्वतःवरील संकट टळावे म्हणून प्रार्थना करतो. क्रूसावर तो २२ व्या स्तोत्राच्या शब्दांत परमेश्वराला हाक मारतो. पौलाच्या मते संकटे सोसताना धीर अंगी येतो व त्यातून आशा उपजते; मात्र स्वतःच्या शरीरातला ‘काटा’ दूर व्हावा म्हणून त्यानेही तीनदा विनवणी केली होती.

धर्मशास्त्रीय मते : ऑगस्टीनने (३५४–४३०) वाईटाला चांगल्याचा अभाव मानले आणि त्याचे मूळ इच्छास्वातंत्र्याच्या गैरवापरात शोधले. अपूर्ण मनुष्य हळूहळू परिपक्व होतो, या इरेनिअसच्या विचाराच्या आधारे जॉन हिक यांनी १९६६ मध्ये जग ही आत्म्याच्या घडणीची जागा असल्याचे मांडले. मार्टिन ल्यूथरने १५१८ च्या हायडलबर्ग येथील वादसभेत परमेश्वराची ओळख वैभवात न शोधता क्रूसावर शोधावी, असे प्रतिपादन केले. परमेश्वर दुःखातीत आहे, हे जुने मत विसाव्या शतकात अनेकांना अपुरे वाटू लागले. जपानमध्ये काझो कितामोरी यांनी १९४६ मध्ये, तर दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी झालेले जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये, परमेश्वर स्वतः वेदना अनुभवतो असा विचार मांडला. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८४ च्या ‘साल्विफिची डोलोरिस’ या पत्रात दुःखाचे नाते तारणाशी जोडलेले आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरून दुःखिताच्या मदतीस धावण्याचे कर्तव्यही त्यात सांगितले आहे.

सहनशीलतेच्या या शिकवणीचा गैरवापरही झाला. गुलामांना व अत्याचारपीडित स्त्रियांना निमूट सोसण्याचा उपदेश करण्यात आला. गुस्ताव्हो गुतिएरेझ, जेम्स कोन आदी मुक्तिवादी धर्मपंडितांनी अन्यायातून येणारे दुःख दूर करणे हे श्रद्धेचेच काम असल्याचे ठासून सांगितले.

आचार व सेवा : कॅथलिक परंपरेत उपवासकाळात चौदा थांब्यांची क्रूसाची वाट केली जाते आणि आजाऱ्यांना पवित्र तेलाने अभ्यंग करण्याचा संस्कार दिला जातो. रुग्णसेवेची परंपराही जुनी आहे. चौथ्या शतकात बेसिल यांनी सीझरिया येथे रुग्ण व गरिबांसाठी आश्रयस्थान उभारले. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करून मरणासन्न रुग्णांच्या वेदनाशमनाला नवी दिशा दिली.

मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाने (१६१६) येशूचे दुःखसहन ओवीबद्ध केले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले होते. पुढे ख्रिस्ती झाल्यावर १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार मुली व विधवांना त्यांनी आसरा दिला आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. ख्रिस्ती दुःखविचाराची खरी कसोटी अशा कामात लागते: दुःखाचे कोडे सुटो न सुटो, दुःखिताचा भार उचलण्याची जबाबदारी त्यातून कोणालाही टाळता येत नाही.