मूकपटांचा प्रेक्षक आणि देशी चित्रपटांची लोकप्रियता

भारतीय चित्रपटांच्या लोकप्रियतेची मीमांसा करताना सामान्यतः दोन कारणे पुढे केली जातात : प्रेक्षकांची धर्मश्रद्धा आणि बोलपटाने आणलेली देशी भाषा. ही कारणे खोटी नव्हेत. पण ती पुरेशीही नव्हेत. बोलपट अवतरण्यापूर्वीच देशी चित्रपटाने आपला प्रेक्षक मिळविला होता, आणि तो प्रेक्षक केवळ पुराणकथांवर तृप्त होणारा नव्हता. म्हणून मूकपटांच्या काळातील पुरावा स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे ठरते.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, तेव्हा प्रवेशमूल्य एक रुपया होते. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात होऊ लागले आणि पुढे तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले. पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठकींची सोयही झाली. नाटकगृहातील वर्गवारी चित्रपटाने अशा रीतीने उचलली खरी. परंतु ज्याच्यापाशी चारच आणे होते, त्यालाही त्याच खेळास बसता येऊ लागले. पुढील सर्व इतिहासाचा पाया या चार आण्यांच्या प्रेक्षकाने घातला.

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटाच्या वेळी तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका सांगितली जाते. अशा आठवणी अक्षरशः प्रमाण मानता येत नाहीत. प्रेक्षकांच्या उत्साहाची साक्ष मात्र त्या निश्चित देतात. या उत्साहात भक्तिभाव होता, तसाच परिचित कथा पडद्यावर ओळखण्याचा आनंदही होता. मूकपटाच्या प्रेक्षकाला ही ओळख विशेष उपयोगी पडे. पडद्यावरील मजकूर अनेकदा एकाहून अधिक भाषांत दिला जाई, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी शेजारचा साक्षर प्रेक्षक तो मोठ्याने वाचून दाखवी. चित्रपट पाहणे ही त्या काळी एकट्याने करावयाची गोष्ट नव्हती.

पौराणिक कथेत प्रेक्षक वर्तमानही पाहत असे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोहिनूर कंपनीचा ‘भक्त विदुर’ (१९२१). त्यातील विदुराचे रूप महात्मा गांधींची आठवण करून देणारे होते. मद्रास आणि सिंध येथील अधिकाऱ्यांनी या चित्रपटावर बंदी घातली. कथा महाभारतातील असली तरी तिचा रोख कोठे आहे, हे राज्यकर्त्यांना उमगले होते. प्रेक्षकांना ते उमगत नव्हते, असे मानण्यास आधार नाही.

या काळाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे १९२७–२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या भारतीय चित्रपट समितीचा अहवाल आणि तिच्यापुढील साक्षी. येथील पडद्यावर त्या वेळी अमेरिकन चित्रपटांचे वर्चस्व होते. ब्रिटिश साम्राज्यातील चित्रपटांना उत्तेजन देण्याची शक्यता तपासणे हा समितीच्या नेमणुकीचा एक हेतू होता. साक्षींतून निष्पन्न झाले ते निराळेच. देशी चित्रपट संख्येने थोडे आणि भाड्याने महाग असूनही प्रेक्षक त्यांनाच अधिक गर्दी करीत. साम्राज्यातील चित्रपटांना खास सवलत देण्यास समितीने नकार दिला आणि देशी उद्योगास साहाय्य देण्याचा पुरस्कार केला. काही महत्त्वाच्या शिफारशींवर युरोपीय सभासदांनी भिन्नमत नोंदविले, आणि सरकारने अहवाल बव्हंशी बासनात ठेवला.

तथापि या पुराव्यावरून प्रेक्षक विदेशी चित्रपटांविषयी उदासीन होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. डग्लस फेअरबँक्सच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटाच्या लोकप्रियतेचा उल्लेख याच साक्षींत येतो. पौर्वात्य अद्भुतकथा, साहस आणि भरजरी दृश्ये यांचे आकर्षण देशविदेश असा भेद जाणत नव्हते. शिवाय भारत व ब्रह्मदेश मिळून त्या वेळी चित्रपटगृहे सुमारे ३०० होती. तेव्हा ‘लोकप्रियता’ हा शब्द मुख्यतः शहरांपुरता समजावयास हवा. खेड्यांपर्यंत चित्रपट पोहोचला तो बहुधा फिरत्या तंबूंतून.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. बोलपटाने देशी चित्रपटास भाषेचे आणि संगीताचे संरक्षण दिले, यात शंका नाही. पुढे प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. परंतु बोलपटाने ज्याला बळकटी दिली, तो प्रेक्षक त्याने निर्माण केलेला नव्हता. स्वस्त तिकीट, परिचित कथा, सामूहिक वाचन आणि जुन्या कथेत आजचा अर्थ शोधण्याची वृत्ती यांतून तो आधीच घडला होता. ज्या प्रेक्षकास शासनाने अशिक्षित व भोळा मानले, त्याची निवड त्या शासनाच्याच समितीला मान्य करावी लागली. भारतीय चित्रपटाचा इतिहास निर्मात्यांच्या नामावळीने पूर्ण होत नाही. चार आणे मोजणाऱ्या या अनाम समुदायालाही त्यात स्थान द्यावे लागते.