लग्नाची घटका कोणाच्या हाती? घटिकापात्रापासून कॅमेऱ्यापर्यंत

१. समाजमाध्यमांवर एक छायाचित्र वारंवार फिरत असते. समारंभी पोशाखातील राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र अल्बर्ट त्यात दिसतात आणि खाली ‘१८४० मधील विवाहाचे छायाचित्र’ अशी ओळ असते. ती ओळ चुकीची आहे. विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी झाला. हे छायाचित्र रॉजर फेंटन यांनी ११ मे १८५४ रोजी काढले. तोवर या दांपत्याला आठ अपत्ये झाली होती.

२. १८४० मध्ये छायाचित्रणकला जगाला ठाऊक नव्हती असे नाही. डागेरची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली होती. परंतु विवाहाच्या दिवसात छायाचित्रकाराला जागा नव्हती. आज अनेक विवाहांत दिवसाचा क्रम त्याला विचारूनच लावला जातो. हा बदल घडला कसा? त्यासाठी आधी एक प्रश्न विचारावा लागतो : त्यापूर्वी हा क्रम कोण ठरवीत असे?

३. महाराष्ट्रात त्याचे उत्तर पाण्यात तरंगत असे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडली जाई. छिद्रातून पाणी शिरून ती बुडाली की एक घटका भरली. घटका म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचे एक अहोरात्र होते आणि दोन घटकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा, एक मुहूर्त. ‘घटकाभर बसा’ हे बोलणे याच मापातून आले.

४. हे घटिकापात्र सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला पाण्यात सोडून जोशीबुवा त्यावर लक्ष ठेवीत. बोहल्यावर वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असे. घटका भरेपर्यंत मंगलाष्टके चालत. वेळ उरली तर आणखी म्हटली जात आणि सरत आली की आवरती घेतली जात. ‘शुभमंगल सावधान’चा गजर होई, अक्षता पडत आणि अंतरपाट दूर होई. सारा दिवस त्या एका क्षणाभोवती रचलेला असे आणि तो क्षण कोणासाठीही थांबत नसे.

५. इंग्लंडमध्ये ही सत्ता चर्चकडे होती. १६०४ च्या धर्मनियमांनुसार विवाह सकाळी ८ ते दुपारी १२ याच वेळेत लावायचा असे. १८८६ च्या कायद्याने ही मर्यादा दुपारी ३ पर्यंत वाढली आणि १९३४ मध्ये सायंकाळी ६ पर्यंत. विवाहानंतरच्या भोजनाला तिकडे आजही ‘वेडिंग ब्रेकफास्ट’ म्हणतात. त्या नावात सकाळच्या विवाहांची आठवण टिकून आहे.

६. म्हणजे एकीकडे पंचांग आणि दुसरीकडे धर्मनियम. या दोन्हींपुढे आरंभीचे छायाचित्रण दुबळे होते. डागेरच्या पद्धतीत समोरच्या व्यक्तीला काही काळ निश्चल राहावे लागे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत आणली. तीत काचेवर रसायन चढवणे, चित्र घेणे आणि ते धुणे ही सारी कामे काच ओली असेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटांत, उरकावी लागत. अंधारखोली शेजारीच हवी आणि भरपूर उजेडही हवा.

७. अशा यंत्राला चालत्या विधीचे चित्र घेणे जमणारे नव्हते. त्यामुळे यंत्र विवाहाकडे गेले नाही, विवाहच यंत्राकडे गेला. विधी आटोपल्यावर, कधी काही दिवसांनी, दांपत्य विवाहाचाच पोशाख चढवून काचेच्या छताच्या स्टुडिओत जाई. चित्रासाठी स्वतंत्र वेळ काढली जाई. विधीच्या वेळेला तिचा धक्का लागत नसे.

८. छायाचित्रण खुद्द विवाहाच्या दिवसात शिरल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण २५ जानेवारी १८५८ चे आहे. त्या दिवशी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येचा विवाह होता. चर्चकडे निघण्यापूर्वी राणी, अल्बर्ट आणि वधू टी. आर. विल्यम्स यांच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. पित्याची आणि कन्येची मुद्रा स्पष्ट उमटली. राणीचा चेहरा मात्र पुसट आला. आपल्याला इतका कंप सुटला होता की चित्र अस्पष्ट झाले, असे तिने स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

९. याच सुमारास छायाचित्रणाने मुंबईत मूळ धरले होते. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते. नारायण दाजी स्वतः कुशल छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत हा व्यवसायच केला. परंतु मराठी विवाहापुढे एक पेच होता.

१०. तो पेच गोरज मुहूर्ताचा. गुरे रानातून परतताना धूळ उडते ती सांजवेळ विवाहाला शुभ मानली जाई. ओल्या काचेला तर दिवसाचा लख्ख प्रकाश हवा. ज्या वेळी अंतरपाट दूर होई, त्याच वेळी कॅमेरा आंधळा होई. गोरज मुहूर्तावरील त्या क्षणाचे चित्र घेणे तेव्हाच्या तंत्राला शक्यच नव्हते.

११. दुसरा अडसर सामाजिक होता. परक्या पुरुषासमोर घरच्या स्त्रीने चेहरा उघडा ठेवून बसावे, हे अनेक कुटुंबांना मान्य नव्हते. १८९२ मध्ये लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ काढला आणि तो एका इंग्रज स्त्रीकडे सोपवला. तांत्रिक अडचणी दूर झाल्या तरी केवळ तेवढ्याने वधू कॅमेऱ्यासमोर येणार नव्हती, हे यावरून ध्यानात येते.

१२. तांत्रिक अडचणी एकेक करून सुटत गेल्या. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि शेजारच्या अंधारखोलीची निकड संपली. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पूड आली. ती भडकली की क्षणभर दिवस होई आणि मागे धूर राही. १९२९ मध्ये जर्मनीतच बंद काचेचा फ्लॅशबल्ब बाजारात आला. आता सूर्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

१३. दरम्यान मुहूर्त मोजण्याचे साधनही बदलत होते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने आपला हट्ट सोडला नाही. प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटांनी मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. एकाच क्षणाला दोन आकडे लागू पडत, त्यामुळे कोणती वेळ अभिप्रेत आहे हे सांगणे भाग होते.

१४. या बदलाचा परिणाम खोलवर झाला. घटिकापात्राला सर्वांनी मिळून वाट पाहण्याचा एकच क्षण ठाऊक होता. मनगटावरील घड्याळाने दिवसाच्या प्रत्येक मिनिटाला आकडा दिला. ज्याला आकडा आहे ते वाटून देता येते : इतकी मिनिटे विधीला, इतकी जेवणाला, इतकी छायाचित्रांना. वेळापत्रक ही कल्पनाच मुळी घड्याळाची आहे.

१५. मग रिळाचा काळ आला. १२० क्रमांकाच्या रिळात चौरस आकाराची १२ चित्रे बसत, ३५ मिलिमीटरच्या रिळात ३६. फिल्म महाग, म्हणून निवड आलीच. हार घालणे, कन्यादान, मंगळसूत्र, सप्तपदी, आहेर, पाठवणी अशी ठरावीक यादी तयार झाली. एका घरचा अल्बम दुसऱ्या घरच्या अल्बमसारखा दिसतो, त्यामागे परंपरेइतकाच रिळाच्या लांबीचाही हात आहे.

१६. येथेच सत्तांतर झाले. हार गळ्यात पडणार तोच ‘जरा थांबा, इकडे बघा’ असा आवाज येतो आणि हात हवेतच थबकतात. पुढे व्हिडिओ कॅमेरा आला आणि त्याच्या प्रखर दिव्यांखाली स्वागतसमारंभाची रांग चित्रीकरणाच्या वेगाने पुढे सरकू लागली. जो क्षण पूर्वी कोणासाठीही थांबत नव्हता, तो आता थांबवता येऊ लागला, एवढेच नव्हे तर पुन्हा करवून घेता येऊ लागला.

१७. आज वधूवरांची छायाचित्रे अनेकदा विधीपूर्वीच घेतली जातात, कारण नंतर गर्दी होते आणि साजशृंगार विस्कटतो. व्यवहार म्हणून हे रास्तच आहे. परंतु अंतरपाटाचा अर्थ असा की त्या घटकेपर्यंत दोघांनी एकमेकांना पाहायचे नाही. दोन तास कॅमेऱ्यासमोर एकत्र उभे राहिलेल्यांमध्ये जेव्हा तो पाट धरला जातो, तेव्हा विधी तोच राहतो, मात्र त्यातील प्रतीक्षा निघून गेलेली असते.

१८. तरीही हा केवळ ऱ्हासाचा इतिहास नव्हे. घटिकापात्राच्या काळातील असंख्य वधूंचे चेहरे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांच्या विवाहाची तिथी आणि घटका नोंदली गेली असेल, त्या स्वतः नोंदल्या गेल्या नाहीत. कॅमेऱ्याने मुहूर्ताकडून थोडी वेळ घेतली आणि त्या बदल्यात पणजीचा चेहरा दिला. हा व्यवहार महाग होता की स्वस्त, हे प्रत्येक घराने आपले आपण ठरवावे.

१९. गंमत अशी की हे चक्र फिरून सूर्यापाशीच येते. छायाचित्रकाराला सर्वांत प्रिय असतो तो सूर्यास्ताच्या आसपासचा मऊ, सोनेरी प्रकाश. मुंबईत डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, मेअखेरीस सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. लग्नघरी तो आधी सूर्यास्ताची वेळ विचारतो. जोशीबुवाही तेच विचारीत. दोघांना हवी असलेली वेळ गोरजाचीच आहे.

२०. घरातील जुना अल्बम पुन्हा उघडाल तेव्हा प्रत्येक चित्राला एक प्रश्न विचारून पाहा : हा क्षण घडला होता की घडवला होता? मागे रंगवलेला पडदा असेल तर तो स्टुडिओ आहे. सर्वांच्या नजरा एकाच दिशेला असतील तर कोणीतरी ‘इकडे बघा’ म्हटले असावे. आणि एखादा चेहरा पुसट आला असेल, तर ते चित्र बाद करू नका. १८५८ च्या त्या सकाळी तिघे कॅमेऱ्यासमोर उभे होते. त्या दिवशी एका आईच्या मनात काय चालले होते, हे त्या पुसट चेहऱ्यातच सर्वांत स्पष्ट दिसते.