खटला कुणाच्या नावाने ओळखला जातो?

१/ जानेवारी २०२३. दौंड तालुक्यात पारगावजवळ भीमेच्या पात्रात एक मृतदेह आढळला. १८ ते २४ तारखेदरम्यान त्यांची संख्या सातवर गेली. त्यांत तीन लहान मुले होती. तपास यवत पोलीस ठाण्याकडे होता. मजुरीसाठी गाव सोडलेले हे एकच कुटुंब. सामूहिक आत्महत्येचा प्रारंभीचा अंदाज काही दिवसांतच मागे पडला, खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि नात्यातल्याच व्यक्तींना अटक झाली.

२/ आज हे प्रकरण आठवते ते ‘भीमा नदीतले सात मृतदेह’ म्हणून. नदी लक्षात राहिली, आकडा लक्षात राहिला. माणसे विस्मरणात गेली. हे प्रकरण मालिका-खुनाचे नव्हे, तरीही गुन्ह्यांच्या इतिहासातला एक जुना प्रश्न ते पुन्हा समोर ठेवते. खटल्याला नाव कुणाचे मिळते? मारणाऱ्याचे, मरणाऱ्याचे की गावाचे? महाराष्ट्रातील तीन गाजलेल्या प्रकरणांत या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे सापडतात.

३/ पहिले उत्तर मुंबईचे. १९६१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१.५ लाख होती. १९७१ मध्ये ती ५९.७ लाखांवर पोहोचली. कामासाठी आलेल्या या माणसांना पुरतील इतकी घरे शहरात नव्हती. हजारो लोक पदपथांवर, रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांत, तट्ट्या-पत्र्यांच्या आडोशाला झोपत. कडी लावायला दारच नसलेली ही वस्ती होती.

४/ १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत, ज्याला लोक अजूनही ‘जीआयपी’ म्हणत त्या रेल्वेमार्गालगत, रात्री झोपलेल्या माणसांवर जीवघेणे हल्ले होऊ लागले. एका संशयिताला पोलिसांनी पकडलेही. परंतु ठोस पुरावा न मिळाल्याने तो सुटला. १९६८ मध्ये हल्ल्यांचे सत्र पुन्हा सुरू झाले. शहर रात्र-रात्र जागू लागले. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली गुन्हे शाखेने तपास हाती घेतला आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी ज्याला ओळखून ताब्यात घेतले, तो पूर्वी सुटलेलाच माणूस होता : रामन राघव.

५/ त्याने ४१ खुनांची कबुली दिली. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली; पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला असाध्य मनोरुग्ण ठरवल्यावर ती जन्मठेपेत बदलली. येरवडा कारागृहात शिक्षा भोगत असताना १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला. पोलीस दप्तरी त्याची सिंधी दलवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी अनेक नावे नोंदलेली होती.

६/ येथे क्षणभर थांबावे. मारणाऱ्याची चार-पाच नावे इतिहासाला ठाऊक आहेत, आणि मेलेल्यांपैकी एकाचेही नाव लोकस्मृतीत नाही. ते ‘पदपथावरचे लोक’ म्हणूनच उरले. इतकेच नव्हे, तर मृतांचा सर्वाधिक सांगितला जाणारा आकडाही मारणाऱ्याच्याच कबुलीतून आलेला आहे. ज्यांचा जीव गेला, त्यांची मोजदादही त्यानेच करावी, हा या प्रकरणातला सर्वांत विदारक भाग.

७/ पडद्यानेही हाच कित्ता गिरवला. श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादव यांना घेऊन या प्रकरणावर माहितीनाट्य केले; २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांच्या ‘रमन राघव २.०’ने जुन्या गुन्हेगाराची सावली नव्या काळावर टाकली. दोन्ही कलाकृतींच्या शीर्षकात नाव एकाच माणसाचे आहे.

८/ दुसरे उत्तर पुण्याचे, आणि ते नेमके उलट आहे. आणीबाणीच्या काळात, जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ दरम्यान, अभिनव कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या टोळीने दहा जणांचे जीव घेतले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. तरीही हे प्रकरण ‘जक्कल खटला’ यापेक्षा ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ म्हणूनच अधिक ओळखले जाते.

९/ असे का? ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातील तिघे मारले गेले आणि १ डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे थोर अभ्यासक, व्याकरणकोशाचे कर्ते. या घरांना पत्ता होता, शेजार होता, शहराच्या विद्याविश्वात स्थान होते. पुणे हादरले, संध्याकाळनंतर रस्ते ओस पडू लागले. मृतांची नावे शहराने जपली, कारण ती माणसे शहराला आपली वाटत होती.

१०/ मात्र ‘जोशी-अभ्यंकर’ या नावातही सगळे मावत नाहीत. अभ्यंकरांच्या घरी मारल्या गेलेल्या पाचांपैकी एक घरकाम करणाऱ्या वृद्ध सकूबाई वाघ होत्या. पहिला बळी प्रकाश हेगडे. त्याच्याकडून घर सोडून जात असल्याची चिठ्ठी जबरदस्तीने लिहून घेण्यात आली होती, आणि त्याचा मृतदेह टोळी पकडली गेल्यावरच सापडला. शेवटचा बळी अनिल गोखले. त्याचा देह नदीत टाकण्यात आला. दहांपैकी या तिघांची आडनावे प्रकरणाच्या नावात नाहीत. १९८६ च्या ‘माफीचा साक्षीदार’ या चित्रपटाच्या शीर्षकातून तर जोशी-अभ्यंकर हे नावही गळाले. तेथे मान मिळाला तो टोळीतून फुटलेल्या साक्षीदाराला.

११/ तिसरे उत्तर मराठवाड्याचे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ दरम्यान गुप्तधन आणि अंधश्रद्धेच्या पार्श्वभूमीवर खुनांची मालिका घडली. बळींमध्ये लहान मुलीही होत्या. प्रकरणाला नाव मिळाले ते गावाचे. २०२४ मध्ये आलेल्या ‘मानवत मर्डर्स’ या वेबमालिकेचा नायक आहे तपास अधिकारी. तेच रमाकांत कुलकर्णी. मुंबईत खुनी उरला, मानवतमध्ये गाव आणि गुप्तहेर. मुली दोन्हीकडे नाहीत.

१२/ यामागे केवळ दिग्दर्शकांची हौस नाही. साधनांचे स्वरूपही त्याला कारणीभूत आहे. आरोपीमागे कबुलीजबाब, वैद्यकीय अहवाल, निकालपत्र, कधी आत्मचरित्रही उरते. मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेले पुस्तक प्रसिद्धच आहे. तपास अधिकाऱ्यामागे आठवणी उरतात. मृतामागे मात्र पंचनामा आणि शवविच्छेदनाचा कागद उरतो. त्यात जखमांची लांबी-रुंदी असते. तो माणूस कोणत्या गावाहून आला, काय काम करत होता, त्याची वाट कोण पाहत होते, हे नसते. कागदांमागे जाणारी कथा म्हणूनच आपसूक मारणाऱ्याकडे वळते.

१३/ ही वाट बदलता येते. लंडनमध्ये १८८८ साली खून करणारा ‘जॅक द रिपर’ कोण, यावर शतकभर तर्क लढवले गेले. इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी ‘द फाइव्ह’ (२०१९) या पुस्तकात तो प्रश्नच बाजूला ठेवला. जनगणना, विवाहनोंदी, श्रमगृहांची दप्तरे चाळून त्यांनी मारल्या गेलेल्या पाच स्त्रियांची आयुष्ये उभी केली. त्या पाचही जणी वेश्या होत्या हा रूढ समजही त्यांनी खोडून काढला. बहुतेकींबाबत त्याला पुरावाच नव्हता.

१४/ महाराष्ट्रातही असे काम होऊ शकते. शाळेचे दाखले, मुकादमांच्या हजेरीवह्या, शिधापत्रिका, स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक आणि हयात नातेवाइकांच्या आठवणी ही त्याची साधने. ती किचकट आहेत आणि त्यांत थरार नाही. शिवाय जिवंत माणसांच्या दुःखाला हात घालण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी लागते.

१५/ अनिल गोखलेचा देह ज्या मुळा-मुठेत टाकला गेला, ती नदी पुण्याहून वाहत येऊन दौंड-शिरूरच्या सीमेवर भीमेला मिळते. त्याच टापूत २०२३ मध्ये सात देह सापडले. या प्रकरणावर उद्या एखादा माहितीपट निघालाच, तर त्यात किती मिनिटे आरोपींच्या सूडाला मिळतात आणि किती त्या कुटुंबाच्या मजुरीला, स्थलांतराला, तीन मुलांच्या छोट्याशा आयुष्याला, हे मोजून पाहावे.