आधी छेद बघा : एमिलिया-रोमान्यातल्या दोन रविवारांची गोष्ट

पीएचडीच्या तयारीला लागलेले बरेच जण एकच गोष्ट विचारतात. "विषय सापडलाय, पण प्रश्न सापडत नाही. प्रश्न नेमका कुठे असतो?" थेट उत्तर देण्याऐवजी आज तुम्हाला माझ्याच वहीतली एक चूक दाखवते.

उत्तर इटलीत एमिलिया-रोमान्या नावाचा प्रदेश आहे. राजधानी बोलोन्या. तिथल्या प्रादेशिक अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डाव्या आघाडीच्या उमेदवाराला २०१० मध्ये ५२ टक्के मतं मिळाली, २०१४ मध्ये ४९ टक्के आणि २०२० मध्ये ५१ टक्के. मी वहीत लिहिलं, "बालेकिल्ला. दहा वर्षांत फारसा बदल नाही."

मग मी टक्के सोडून नुसती मतं लिहिली. २०१० मध्ये जवळपास १२ लाख. २०१४ मध्ये सुमारे ६ लाख १५ हजार. २०२० मध्ये पुन्हा जवळपास १२ लाख. म्हणजे मधल्या निवडणुकीत निम्मे मतदार गायब झाले, नंतर परत आले, आणि टक्केवारीच्या तक्त्यात याचा पत्ताही नाही! का? कारण त्या तक्त्यातला छेद, म्हणजे एकूण वैध मतं, तोच आकसला होता. २०१० मध्ये ६८ टक्के मतदान झालं होतं. २३ नोव्हेंबर २०१४ ला झालं ३७.७ टक्के. सुमारे ३४ लाख ६० हजार मतदारांपैकी १३ लाखच केंद्रावर गेले.

आता हा आकडा एवढा गंभीर का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९४८ च्या राज्यघटनेत इटलीने प्रादेशिक सरकारांची तरतूद केली. पण सिसिली, सार्डिनियासारखे विशेष दर्जाचे प्रदेश सोडले तर बाकीच्या प्रदेशांत पहिली निवडणूक व्हायला १९७० उजाडलं. एवढा उशीर होण्याचं एक मोठं कारण राजकीय होतं. रोममध्ये सत्ता ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाची. प्रदेशांना सरकारं दिली तर एमिलिया-रोमान्या, तोस्काना आणि उंब्रिया या 'लाल पट्ट्या'त कम्युनिस्ट सत्तेवर येणार, हे त्यांना दिसत होतं. झालंही तसंच. बोलोन्याचे महापौर राहिलेले कम्युनिस्ट नेते ग्विदो फान्ती एमिलिया-रोमान्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि तेव्हापासून आजवर इथला प्रत्येक अध्यक्ष डाव्या बाजूचाच आहे. सहकारी संस्था, कामगार संघटना, पक्षाच्या शाखा यांचं जाळं गावोगाव होतं. त्या काळात इथलं मतदान ९० टक्क्यांच्या वर असायचं.

१९७० मध्ये ही सरकारं जन्माला आली तेव्हापासूनच अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम आणि त्यांचे सहकारी त्यांचा अभ्यास करू लागले. १९९३ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. प्रश्न सुंदर होता: कायदा तोच, अधिकार तेच, तरी काही प्रदेशांचा कारभार चांगला आणि काहींचा वाईट का? त्यांचं उत्तर होतं, नागरी परंपरा. लोक संस्था काढतात का, वर्तमानपत्र वाचतात का, सार्वमताला जातात का, यावरून त्यांनी एक निर्देशांक बनवला. त्यात एमिलिया-रोमान्या सगळ्यात वर आणि दक्षिणेतलं कलाब्रिया सगळ्यात खाली. या फरकाची मुळं त्यांनी थेट मध्ययुगापर्यंत नेली: उत्तरेत स्वायत्त नगरराज्यं, दक्षिणेत नॉर्मन राजेशाही.

आता गंमत बघा. २३ नोव्हेंबर २०१४ च्या रविवारी इटलीत दोनच प्रदेशांत निवडणूक होती. एक एमिलिया-रोमान्या आणि दुसरा नेमका कलाब्रिया! तिथे मतदान झालं ४४ टक्के. 'सर्वात नागरी' प्रदेश 'सर्वात कमी नागरी' प्रदेशाच्या सहा टक्के मागे.

इथे घाईने "पटनम चुकले" असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. मलाही झाला होता. थांबा.

पहिली गोष्ट, पटनम यांनी साध्या निवडणुकीतलं मतदान निर्देशांकात घेतलंच नव्हतं. इटलीत मतदान हे घटनेने नागरी कर्तव्य मानलेलं, शिवाय उमेदवाराशी असलेली देण्याघेण्याची नाती लोकांना केंद्रापर्यंत आणतात. म्हणून त्यांनी सार्वमत निवडलं, तिथे कुणी उमेदवार नसतो. उलट पक्षाच्या यादीतल्या एखाद्या उमेदवाराचं नाव लिहून दिलेलं 'पसंतीचं मत' त्यांनी कमी नागरीपणाचं लक्षण धरलं, कारण ते बऱ्याचदा ओळखीपाळखीवर पडतं. म्हणजे कलाब्रियाचे ४४ टक्के त्यांच्या चौकटीत बसूही शकतात. मूळ पुस्तकातली मोजपट्टी न वाचता टीका लिहिली तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

दुसरी गोष्ट, पुन्हा छेद. परदेशी स्थायिक झालेल्या इटालियनांची नावं मतदार यादीत राहतात, पण प्रादेशिक निवडणुकीत मत द्यायला त्यांना प्रत्यक्ष यावं लागतं. कलाब्रियातून स्थलांतर प्रचंड झालंय. तेव्हा तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांचं मतदान ४४ पेक्षा जास्तच असणार. दरी दिसते त्याहून मोठी आहे.

मग एमिलिया-रोमान्यात घडलं काय? १९९९ पासून अध्यक्ष असलेले वास्को एर्रानी जुलै २०१४ मध्ये अपील न्यायालयात दोषी ठरले आणि त्यांनी राजीनामा दिला. (पुढे ते निर्दोष सुटले, पण निवडणूक तोवर होऊन गेली होती.) प्रादेशिक परिषदेच्या सदस्यांच्या खर्चाची चौकशी सुरू होती, आणि ती एकाच पक्षापुरती नव्हती. रोममध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचेच पंतप्रधान मात्तेओ रेन्झी कामगार कायदा बदलत होते आणि पक्षाच्या जवळची मानली जाणारी कामगार संघटना रस्त्यावर उतरली होती. शिवाय निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत. आता जुन्या डाव्या मतदाराच्या जागी स्वतःला ठेवा. आपल्या पक्षावर राग आहे, दुसऱ्याला मत देणं जिवावर येतं, आणि आपण न गेल्याने कुणी हरणार नाही. तो घरी बसला. लोक राजकारणालाच कंटाळले होते म्हणावं, तर त्याच वर्षी मे महिन्यात युरोपीय संसदेसाठी इथे जवळपास ७० टक्के मतदान झालं होतं.

"दोनच प्रदेशांत निवडणूक, देशभर प्रचाराचं वातावरण नाही, म्हणून मतदान कमी," असंही कुणी म्हणेल. रास्त शंका आहे. पण ती तपासायची संधी इतिहासानेच दिली. २६ जानेवारी २०२०, रविवार, पुन्हा हेच दोन प्रदेश. कलाब्रियात मतदान ४४ टक्के, जवळजवळ जसंच्या तसं. एमिलिया-रोमान्यात ६७.७ टक्के! या वेळी बालेकिल्ला खरोखर पडण्याची शक्यता होती. २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत मात्तेओ साल्विनी यांचा लेगा इथला पहिल्या क्रमांकाचा पक्ष ठरला होता. नोव्हेंबरमध्ये बोलोन्याच्या चौकात 'सार्डिन' नावाचं तरुणांचं आंदोलन उभं राहिलं. घरी बसलेले बाहेर पडले आणि अध्यक्ष स्तेफानो बोनाच्चिनी टिकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये धोका ओसरला होता. मिकेले दे पास्काले तब्बल ५६.८ टक्के मतांनी जिंकले, पण मतदान परत ४६ टक्क्यांवर. त्यांची मतं सव्वानऊ लाखांच्या आत, म्हणजे ५१ टक्के मिळवणाऱ्या बोनाच्चिनींपेक्षा अडीच लाखांहून जास्त कमी.

यातून मी काय म्हणते? आठशे वर्षांची परंपरा पाच वर्षांत तीस टक्क्यांनी खाली-वर होत नाही. परंपरेमुळे संस्था आणि सवयी येतात. एखाद्या रविवारी माणूस केंद्रावर जाईल की नाही, हे त्या दिवशी पणाला काय लागलंय यावर ठरतं. सिडनी टॅरो यांनी १९९६ मध्येच पटनम यांच्यावर टीका करताना राज्यसंस्था आणि पक्ष यांच्या भूमिकेकडे बोट दाखवलं होतं. २०१४ चा आकडा मला त्या बाजूला ढकलतो. आणि हा नुसता सिद्धान्ताचा वाद नाही. या प्रादेशिक सरकारांच्या हातात सरकारी आरोग्यसेवा असते. मतदारांपैकी जेमतेम १८ टक्क्यांच्या थेट पाठिंब्यावर निवडून आलेला अध्यक्ष तिथली रुग्णालयं चालवत होता.

माझ्या मांडणीतली कच्ची बाजूही सांगते. 'घरी बसला तो डावा मतदार होता' हे एकूण बेरजेवरून सिद्ध होत नाही. बेरजेवरून व्यक्तीबद्दल बोलणं ही आपल्या क्षेत्रातली जुनी चूक. त्यासाठी केंद्रनिहाय आकडे घेऊन मतं कुठून कुठे गेली याचा अंदाज बांधावा लागतो. बोलोन्यातली कात्तानेओ संस्था हे काम नेहमी करते. माझं पुढचं प्रकरण तिथूनच सुरू होणार आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या विषयातला जो तक्ता 'फारसा बदल नाही' असं सांगतोय, तो काढा. प्रत्येक टक्क्याशेजारी त्याचा छेद लिहा, आणि त्या छेदात कोण मोजलं गेलंय आणि कोण नाही, तेही. जिथे दोन रकाने एकमेकांशी भांडायला लागतील, तिथे पेन्सिलीने खूण करा. प्रश्न बहुधा तिथेच बसलेला असतो.