ऊन पाणी

स्नेहलतागंजातल्या आमच्या जुन्या घरात पितळी बंब होता तोवर 'ऊन' हा शब्द दोन्ही अर्थांनी नांदत होता. अंगणात ऊन पडे आणि न्हाणीघरात पाणी ऊन होई. "ऊन आहे रे, विसण घालून घे," अशी आजीची सूचना रोजची. पुढे गीझर आला, बंब माळ्यावर गेला, पाणी 'गरम' झाले आणि विसण कधी नाहीसे झाले ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. इंदुरात चार पिढ्या काढलेल्या मराठी घरात असे शब्द गुपचूप जातात. त्यांचे सुतक कुणी पाळत नाही.

मागच्या हिवाळ्यात चोपड्याला लग्नाच्या निमित्ताने जाणे झाले. खलघाटला नर्मदा ओलांडली, सेंधवा मागे टाकला, बिजासनचा घाट उतरलो आणि पळासनेरपासून दुकानांवरच्या पाट्या मराठी झाल्या. लग्न आटोपल्यावर यजमान म्हणाले, "आलाच आहात तर उनपदेव पाहून जा." चोपडा-यावल रस्त्यावरच्या अडावदहून उत्तरेला आत वळले की सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी हे ठिकाण आहे. शरभंग ऋषींचे देऊळ, दगडी गोमुख, त्यातून अखंड पडणारी धार आणि खाली बांधलेले कुंड. बस्स, एवढेच. मोठ्या तीर्थक्षेत्राचा थाट इथे नाही.

कुंडाच्या पायरीवर एक म्हातारी पाय सोडून बसली होती. माझी आठ वर्षांची नात धावत उतरू लागली तशी ती म्हणाली, "हळू गं बाई, पाणी ऊन आहे." पोरीने मान वर करून आभाळाकडे पाहिले आणि मला विचारले, "आबा, ऊन कुठंय? इथे तर छाँव आहे!"

म्हातारी हसली. मी मात्र त्या प्रश्नात अडकून पडलो.

संस्कृत 'उष्ण'चे प्राकृतात 'उण्ह' झाले आणि मराठीत 'ऊन'. 'उन्हाळा' म्हणताना आपण तो जुना हकार अजून उच्चारतो. पण शब्दाचे मूळचे वैभव पाहायचे तर गरम झऱ्यांच्या गावांची नावे घ्यावीत. दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, राजापूरजवळ उन्हाळे, किनवट तालुक्यात उनकेश्वर आणि खानदेशात उनपदेव. गोव्यात तर आजही 'हून उदक' म्हणतात. (आमच्या निमाडातही खरगोनपासून जवळच 'ऊन' नावाचे गाव आहे, पण तिथे झरा शोधू नये. राजाने शंभर देवळे बांधायला घेतली, एक उणे पडले, म्हणून ऊन, अशी तिथली दंतकथा. तो शब्द निराळा.)

उनपदेवची कथा सांगतात ती अशी : शरभंग ऋषी व्याधीने पिडले होते, रामाने बाण मारून जमिनीतून ऊन पाणी काढले आणि त्या पाण्याने ऋषी बरे झाले. वाल्मीकींच्या अरण्यकांडात मात्र ना व्याधी आहे, ना झरा. तिथे रामाचे दर्शन घेऊन शरभंग अग्निप्रवेश करतात आणि त्यातून तेजस्वी तरुण रूपाने बाहेर पडून ब्रह्मलोकी जातात. लोकांनी काय केले, तर ग्रंथातला अग्नी आपल्या गावच्या पाण्यात आणून ठेवला. मला यात काही गैर वाटत नाही.

इंग्रजांनाही या झऱ्यांचे कुतूहल होते. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात चोपड्याकडच्या झऱ्यांची दखल आहे आणि टॉमस ओल्डहॅम या भूशास्त्रज्ञाने जमवलेली हिंदुस्थानातल्या सुमारे तीनशे उष्ण झऱ्यांची यादी त्याच्या मृत्यूनंतर, १८८२ साली, प्रसिद्ध झाली. खाली ज्वालामुखी धुमसत असेल अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नव्हे. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवालेला. पण जमिनीत एकेक किलोमीटर खाली जावे तसे तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खोल मुरते, तापते आणि वाट मिळाली की निवायच्या आत वर येते. ती वाट इथे तापी खोऱ्याच्या उत्तर कडेला, सातपुड्याच्या पायथ्याने गेलेल्या जुन्या प्रस्तरभंगाने दिली आहे.

भूमीची ही भेग फार जुनी. माणसांनी पाडलेली भेग त्या मानाने कालची. होळकरांची दौलत उभारणारे मल्हारराव खानदेशात तळोद्याला मामाकडे वाढले. पण २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई होळकर हरले आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्यातला आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख कंपनीला द्यावा लागला. त्या दिवसापासून इंदूर आणि खानदेश यांच्यामध्ये सातपुडा नुसता डोंगर राहिला नाही. १९५६ आणि १९६० च्या राज्यरचनेने त्याच्या आसपासच सरहद्द आखली. आम्ही पलीकडचे झालो. भाकरी तीच, सणवार तेच, पण शाळा हिंदी आणि पाणी गरम.

नातीने हट्टाने एक बाटली गोमुखाखाली धरून भरली. ओढणीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ती गाडीत बसली होती. घाट चढून सेंधव्याला चहासाठी थांबलो, तेव्हा तिने बाटली गालाला लावून पाहिली.

"आबा, ठंडं झालं."

"निवलं," मी म्हणालो.

"निवलं," ती म्हणाली, आणि बाटली पुन्हा गुंडाळू लागली.