हैदराबादचा नागरी हक्कांचा लढा आणि धर्म

पैठण, आपेगाव, नरसी, जांब आणि अंबाजोगाई ही संतपरंपरेची स्थाने सन १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, हे आजच्या भाविकांच्या सहसा ध्यानात येत नाही. षष्ठीस पैठणी जाणाऱ्या वारकऱ्याची वाट कोणी अडवीत नसे. परंतु त्याच वारकऱ्याने आपल्या गावच्या चावडीपुढे उभे राहून राज्यकारभाराविषयी चार शब्द बोलावयाचे म्हटले, तर मात्र सरकारची परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' ह्या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाने सभास्वातंत्र्य जखडून टाकले होते. खाजगी शाळा आणि आखाडे ह्यांवरही अशीच बंधने होती. अशा स्थितीत भजन, कीर्तन, गणेशोत्सव आणि ग्रंथालयांचे वार्षिकोत्सव एवढीच काय ती लोकांना एकत्र बसण्याची ठिकाणे उरली. तेव्हा धर्म आणि नागरिकत्व ह्यांची सरमिसळ त्या राज्यात आपोआपच झाली. ती कोणी मुद्दाम केली असे म्हणता येणार नाही.

ग्रंथालयात बसून ह्या काळाचा शोध घेऊ जाणाऱ्यास प्रथम कालगणनेचीच अडचण पडते. सरकारी कागद उर्दूत, आणि त्यांवरील सन फसली. १३४८ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३८ मध्ये सुरू झालेले वर्ष. सनात ५९० मिळविल्यावाचून मराठी वृत्तपत्राशी त्याचा मेळ बसत नाही. तो बसला की दुसरी अडचण उभी राहते, आणि ती अधिक खोल आहे. त्या एकाच वर्षातील चळवळीला सरकार 'जातीय' म्हणते, आर्यसमाजाचे कार्यकर्ते 'धर्मयुद्ध' म्हणतात, आणि स्टेट काँग्रेसचे पुढारी 'नागरी स्वातंत्र्याचा सत्याग्रह' म्हणतात. ह्यांपैकी कोणाचे म्हणणे खरे, हा प्रश्न त्या काळी केवळ शब्दांचा नव्हता. त्यावर माणसांचे तुरुंगवास ठरत होते.

ह्या लढ्याच्या अग्रभागी एक संन्यासी होता, ही गोष्ट विशेष. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म १९०३ चा. मुंबईस कामगार चळवळीत ना. म. जोशी ह्यांच्या हाताखाली काम केल्यावर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. तेथे १९३२ मध्ये त्यांनी चतुर्थाश्रम स्वीकारला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालयात त्यांनी विद्यादान केले. भगवी वस्त्रे धारण केलेल्या ह्या पुरुषाने १९३८ मध्ये जी मागणी पुढे मांडली, ती मंदिराची नव्हती आणि पूजेचीही नव्हती. आसफजाही छत्राखालीच, परंतु लोकांस जबाबदार असलेली राज्यपद्धती आणि भाषण, सभा व संघटना ह्यांचे स्वातंत्र्य, एवढीच ती होती. आणि ती सर्व धर्मांच्या प्रजेसाठी होती.

सप्टेंबर १९३८ मध्ये, स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सरकारने ती जातीय ठरवून तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर रोजी गोविंदराव नानल ह्यांच्या पहिल्या तुकडीने बंदी मोडली; तीनच दिवसांनी स्वामीजींनी स्वतः सत्याग्रह केला आणि त्यांना कारावास झाला. सिराज-उल-हसन तिरमिझी ह्यांच्यासारखे मुसलमान गृहस्थही ह्या चळवळीत होते. संख्येने असे लोक थोडे होते हे कबूल केले पाहिजे. पण जातीयतेच्या आरोपास त्यांची उपस्थिती हेच उत्तर होते.

त्याच सुमारास आर्यसमाजाचा सत्याग्रह उभा राहिला. डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरास लोकनायक अणे ह्यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली. हवनकुंड, यज्ञशाळा आणि धर्मप्रचार ह्यांवरील निर्बंध उठावेत, ही त्यांची मागणी. हिंदुमहासभेनेही भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार चालविला. ह्या लोकांच्या त्यागाला कोणी कमी लेखू नये. उदगीरचे वकील भाई श्यामलाल ह्यांना त्याच वर्षी बीदरच्या तुरुंगात मृत्यू आला. उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. उपासनेचे स्वातंत्र्य हाही नागरी हक्कच होय, आणि तो मागणाऱ्यास संकुचित ठरविणे न्यायाचे होणार नाही.

तथापि तीन प्रवाह एका घाटावर येताच पाणी गढूळ झाले. सरकारला तिन्हींस एकच नाव देण्याची सोय झाली. महात्माजींच्या सल्ल्यावरून २४ डिसेंबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. अवघे दोन महिने झाले होते, शेकडो माणसे तुरुंगात होती, आणि स्वामीजीही गजांआडच होते. चढत्या लढ्यातून असे मागे फिरणे अनुयायांस किती जड गेले असेल, ह्याची कल्पना करावी.

हाच प्रश्न पुढे सातासमुद्रापलीकडे निराळ्या रूपाने उभा राहिला. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरी डिसेंबर १९५५ मध्ये कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालविला. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. सभा चर्चमध्ये भरत, आरंभ प्रार्थनेने होई; पण मागणी चर्चसाठी नव्हती, बसमधील आसनासाठी होती. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन १९३६ मध्ये बारडोलीस गांधीजींना भेटून गेले होते. स्वतः किंग १९५९ मध्ये भारतात आले. धर्माने धैर्य पुरवावे आणि हक्क मात्र सर्वांचा मागावा, ही वाट तेथे मोकळी सापडली. हैदराबादेत राजा एका धर्माचा व बहुसंख्य प्रजा दुसऱ्या धर्माची असल्याने ती सहजासहजी सापडणे शक्य नव्हते.

जुलै १९३९ मध्ये सरकारने सुधारणा जाहीर केल्या, आणि ऑगस्टमध्ये आर्यसमाजाने आपला सत्याग्रह मागे घेतला. ज्या संस्थेने सर्वांसाठी हक्क मागितले होते, त्या स्टेट काँग्रेसवरील बंदी मात्र तशीच राहिली. ती १९४६ मध्ये उठली. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वामीजी पुन्हा अटकेत गेले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर राज्य भारतात विलीन झाले; १९५२ मध्ये गुलबर्ग्याच्या व १९५७ मध्ये औरंगाबादच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेतच त्यांनी देह ठेवला.